वाट तोडण्याची चाचणी

सुवा, १ ऑक्टोबर

इनोके,

हे पत्र तुझ्या आधी तुझी मावशी उघडेल आणि जेवणाच्या चटईवर सगळ्यांसमोर वाचून घेईल, हे गृहीत धरूनच लिहीत आहे. तेव्हा मावशींना माझा नमस्कार. जे तुला ठाऊक आहे तेही मी त्यांच्यासाठी सविस्तर लिहिणार आहे. मध्येच 'कळलं, कळलं, पुढे' असे ओरडू नकोस.

माफी मागण्यासाठी हे पत्र नाही. जूनमध्ये परदेशी तपासनीस समोर बसलेले असताना तू माझ्यावर विनोद केलास. मी तुला 'हे विदूषकीचे ठिकाण नाही, बाहेर जा' असे म्हटले. तू बाहेर पडलास तो थेट गावी जाणाऱ्या बोटीवर. आपल्या दोन गावांचा मूळपुरुष एक, म्हणून आपण तौवू. तौवूने तौवूला वाट्टेल ते बोलावे आणि ऐकणाऱ्याने रागवू नये, हा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. परंतु तो यांगोना पिताना परातीभोवती पाळायचा नियम आहे, सर्व्हरच्या खोलीतला नाही, असे माझे तेव्हा मत होते आणि आजही आहे. हा विषय मी इथे बंद करते.

आता कामाचे. मावशी, आमच्या रुग्णालयात रक्तपेढी, प्रयोगशाळा, औषधभांडार यांचे संगणक म्हणजे निरनिराळ्या पेट्या नव्हेत. मोठ्या सर्व्हरच्या पोटात अशी कितीतरी व्हर्च्युअल मशीन एकत्र नांदतात आणि प्रत्येकाला वाटते, आपले घर स्वतंत्र आहे. त्यांनी लिहिलेले-ठेवलेले सगळे मात्र खोलीच्या टोकाला असलेल्या स्टोरेजच्या कपाटात असते. सर्व्हरपासून त्या कपाटापर्यंत जायला दोन वाटा आहेत: दोन केबल, दोन वेगवेगळ्या स्विचमधून नेलेल्या. एक वाट तुटली तर दुसरीने काम चालावे, म्हणून. वाट बदलताना काही क्षण कपाटाकडून उत्तर येत नाही, आणि तेवढा वेळ मशीनने धीर धरायचा असतो. ज्याचा धीर सुटतो ते मशीन आपले कपाट मेले असे समजते. मग ते जुने वाचून दाखवते, पण नवे एक अक्षर लिहून घेत नाही.

मावशींना हे एका वाचनात कळेल याची मला खात्री आहे. आमच्या संचालकांना, डॉ. गौंडरांना, ते अजून कळलेले नाही.

गेल्या शनिवारी मी पहिली वाट मुद्दाम तोडली. वादळांचा मोसम नोव्हेंबरात सुरू होईल. वीज जाईल, छत गळेल, स्विच भिजतील. दुसरी वाट नकाशात काढलेली आहे, एवढ्यावर मी मोसमात पाऊल टाकणार नाही. सगळी मशीन धीराने थांबली आणि दुसऱ्या वाटेला लागली. फक्त रक्तपेढीचे बसले. त्या दुपारी परिचारिका रक्तगट हाताने लिहीत होत्या. प्रसूतिकक्षात एका बाईला रक्त हवे होते. पिशवी फ्रिजमध्ये समोर होती, पण ती कुणासाठी राखलेली आहे हे कोणी सांगू शकेना. बाई वाचली. त्यात आमचे काहीही कर्तृत्व नाही.

डॉ. गौंडरांनी मला बोलावून घेतले.

"अलुमिता, चालत्या गाडीचं चाक काढून बघायची ही कसली हौस?"

"भर वादळात निघण्यापेक्षा इथे निघालेलं बरं, डॉक्टर."

"बरं. ऑक्टोबर संपायच्या आत आणखी एकदा बघ. त्या वेळीही रक्तपेढी बसली, तर मोसम संपेपर्यंत कुणी त्या तारांना हात लावायचा नाही. रक्तपेढी तोवर कागदावर चालेल."

वादळात, अर्धे शहर जखमी होऊन दारात आलेले असताना, रक्तपेढी कागदावर. म्हणजे चुकीच्या माणसाला चुकीची पिशवी, आज नाही तर उद्या. मला ते होऊ द्यायचे नाही. यापलीकडे मला या महिन्यात काहीही नको आहे.

कारण शोधायला वेळ लागला नाही. पुरवठादाराने त्या मशीनच्या धीराची मुदत हास्यास्पद वाटावी इतकी तोकडी ठेवली होती. मी ती वाढवली. मला छळते आहे ते वेगळेच. मशीनच्या नोंदी पाहिल्या तर ते वर्षभर, वीज जराशी लुकलुकली की बसत होते, आणि कोणीतरी ते गुपचूप पुन्हा उठवत होते. माझ्यापर्यंत एक शब्द आला नाही. मी सेरेआनाला विचारले. (तुझ्या जागी आता ती उपप्रमुख आहे. ऑकलंडची पदवी, काम चोख, तोंडाला कुलूप.) केबलचे काम पाहणारा अपिसाईही शेजारी उभा होता.

"हे मशीन वर्षभर बसत होतं. तुम्हाला माहीत होतं?"

"हो मॅडम."

"मग मला सांगितलं का नाही?"

"हो मॅडम."

"सेरेआना, या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं होत नाही."

"हो मॅडम."

अपिसाईने जमिनीकडे पाहत भुवया उंचावल्या. म्हणजे त्याचेही हो. कशाला, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

मी थकले आहे, इनोके. यंत्राने चुकीचे उत्तर दिले तर मला ते ओळखता येते. ते मी शिकले आहे. हे 'हो' कसे वाचायचे, ते मला कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नाही. तू इथे होतास तेव्हा खोलीत काय बिघडले आहे हे मला कसे कोण जाणे कळत असे. दुसऱ्या चाचणीला तू हजर असावेस, अशी माझी अपेक्षा आहे. बोटीत जागा राखून ठेवते.

अलुमिता


सुवा, १८ ऑक्टोबर

इनोके,

तुझे उत्तर मिळाले. अक्षर पूर्वीसारखेच, म्हणजे वाईट. तारीख घातलेली नाही. त्यातला मुख्य भाग खाली उतरवते, म्हणजे असे लिहिलेच नव्हते असे पुढे तुला म्हणता येणार नाही:

'अगं खेकड्यांच्या गावच्या राणी, मावशी म्हणते मशीन कळलं, तू नाही कळलीस. मी येणार नाही. शेतात माझा दालोचा कंद लावायचा चाललाय, आणि दालो कधी "लेखी द्या" म्हणत नाही. ऐक आता. माणसं तुझ्याशी खोटं बोलत नाहीत गं, ती तुझी अब्रू राखतात. मशीन बसलं की अपिसाई पळत जाऊन उठवतो, कारण तुला सांगायचं म्हणजे चारचौघांत तुझ्या कामात खोट काढायची. कोण काढणार? मी काढायचो, मला मुभा होती. दर सोमवारी सांगत होतो, तुमची रक्तपेढी तुमच्या गावासारखीच आहे, दिवा लुकलुकला की अंथरूण घालते. तू म्हणायचीस, कामाचं बोल. अगं बाई, तेच कामाचं होतं!'

यावर माझे म्हणणे असे: जी सूचना थट्टेत गुंडाळून द्यावी लागते, ती सूचना नव्हे. खोलीत बसलेल्या शहाण्या माणसांनी सरळ वाक्यात सरळ गोष्ट सांगावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. ते वाक्य मला सोमवारी ऐकू येत असे, हे मात्र खरे आहे. तेवढे मान्य करून पुढे जाते.

तू सुचवलेस की शुक्रवारी काम संपल्यावर मागच्या व्हरांड्यात सगळे यांगोनाला बसतात तिथे मी जावे, आणि खाली बसावे. काल गेले.

दारापर्यंत पोचण्याआधीच हसण्याचा आवाज येत होता. अपिसाई उभा राहून कुणाचीतरी नक्कल करत होता. मी दिसताच सगळे असे ताठ बसले की जणू पाद्रीच आत आले. मी खाली बसायला गेले तर चटईच्या वरच्या टोकाची माणसे सरकली आणि मला तिथेच बसावे लागले. पहिली वाटी मला. मी रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली, प्याले, सर्वांनी तीन टाळ्या वाजवल्या. त्यानंतर पावसाचा आवाज तेवढा उरला.

"चालू द्या," मी म्हणाले. "काय चाललं होतं?"

"काही नाही मॅडम."

"अपिसाई, तू काहीतरी करून दाखवत होतास."

"मी... केबलची मापं दाखवत होतो मॅडम."

मान ताठ करून, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून आणि एक बोट हवेत नाचवून केबलची मापे दाखवतात, ही माहिती मला नवीन होती.

"रक्तपेढीच्या मशीनबद्दल कुणाला काही सांगायचं आहे? इथे मी खात्याची प्रमुख म्हणून बसलेली नाही."

"हो मॅडम," सेरेआना म्हणाली, आणि माझी वाटी पुन्हा भरली.

मी उठेपर्यंत कोणी हलले नाही. मी बसले होते म्हणून कोणी उठू शकत नव्हते, आणि ते बसले होते म्हणून मला उठणे बरे दिसत नव्हते. शेवटी उठले. जिन्याशी पोचेपर्यंत हसणे पुन्हा सुरू झाले. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. पाऊस होता म्हणून.

तुझी युक्ती फसली, हे कळवण्यासाठी हे पत्र. दुसरी चाचणी तीस तारखेला, गुरुवारी ठेवली आहे. दुसऱ्या स्विचवर छत ठिबकत होते, म्हणून तो अपिसाई कोरड्या भिंतीला हलवतो आहे. सगळ्या केबल नव्याने जोडायच्या आहेत. प्रत्येक जोडणी नीट झाली का, असे मी रोज विचारते. रोज उत्तर मिळते. ते उत्तर काय असते, हे तुला लिहिण्याची गरज नाही.

दालो दोन आठवडे थांबू शकतो. रक्तपेढी थांबू शकत नाही.

अलुमिता


सुवा, २८ ऑक्टोबर

इनोके,

तुझे दुसरे पत्र काल बोटीने आले. त्यातली दोन पाने माझ्या यांगोना-प्रसंगावर तुझ्या सबंध गावाने कसे हसून घेतले, याच्या वर्णनात खर्ची पडली आहेत. ती मी वाचली. तिसऱ्या पानावरचा मजकूर मात्र तू पहिल्याच पत्रात लिहायला हवा होतास:

'बाई गं, सेरेआनाची आई कुठली, कधी विचारलंस? आमच्या वाइतांबुआची! माझी चुलत बहीण. म्हणजे आईकडून ती पोरगी आमची, आणि आमची म्हणजे तुझी तौवू. तुझ्या शेजारच्या टेबलावर तुझी तौवू बसलीय आणि तू तिला म्हणतेस, सेरेआना, अहवाल! तिला सगळं माहीत आहे. पण तुझ्या खोलीत गावाचं नाव काढायची बंदी. दार तू लावलंस, आता ते उघडायचंही तूच.'

त्या बंदीविषयी तू नेहमीच कुत्सितपणे बोलत आला आहेस, म्हणून मावशींसमोर एकदा स्पष्ट करते. मी या खात्यात आले तेव्हा कोण कुठल्या गावचा, कुठल्या सरदाराच्या नात्यातला, यावरून माणसे वर चढत आणि खाली पडत. केबलसुद्धा गावकरी पाहून जोडल्या जात. पहिल्याच आठवड्यात मी सांगितले, या खोलीत कुणी कुणाला गाव विचारायचे नाही. त्यानंतर इथे माणसे कामावर निवडली गेली. सेरेआनाही त्यातूनच आली. तो नियम मी विचारपूर्वक केला होता आणि त्याचा मला अभिमान आहे.

त्या नियमाने माझ्या शेजारची एकमेव मोकळी वाट बुजवून टाकली असेल, हे माझ्या गणितात नव्हते.

आज दुपारी सेरेआना डबा खात होती, उकडलेला कसाव्याचा कंद आणि डबाबंद मासळी. मी तिच्या समोर जाऊन बसले. ती उठायला लागली. मी हाताने बसायला सांगितले.

"सेरेआना, एक वैयक्तिक प्रश्न आहे. उत्तर देण्याचं बंधन नाही."

"हो मॅडम."

"तुझ्या आईचं गाव कोणतं?"

तिने काटा खाली ठेवला. पलीकडे अपिसाईचे चावणे थांबले.

"वाइतांबुआ."

"माझं नासोलेवू."

"माहितेय मॅडम."

"मग माझ्याशी तुला कसं बोलता येतं, तेही माहीत असणार."

तिने कसाव्याचा तुकडा बोटाने बाजूला सारला.

"नियम आहे ना, मॅडम. गाव काढायचं नाही."

"नियम मी केला होता. तुझ्यापुरता तो मागे घेते."

"लेखी?" ती म्हणाली.

हे तिने गंभीरपणे विचारले की थट्टेने, ते मला ओळखता आले नाही. पूर्ण विचार करून मी म्हणाले, "तोंडी." तिने भुवया उंचावल्या आणि पुन्हा जेवू लागली. बस्स, एवढेच झाले. त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी एक शब्दही जास्त बोलली नाही, आणि संध्याकाळी जाताना 'येते मॅडम' म्हणाली तेही नेहमीच्याच आवाजात.

तुझ्या सगळ्या युक्त्या अशाच असतात का? परवा चाचणी आहे. डॉ. गौंडर स्वतः येणार आहेत. रक्तपेढीच्या प्रमुख परिचारिका, सिस्टर तालेई, फोनवर असतील. अपिसाई म्हणतो, दुसरा स्विच जागेवर बसला, केबल जोडून झाल्या, सगळे तयार आहे. पडद्यावरही तसेच दिसते. माझ्याजवळ यापेक्षा अधिक खात्री नाही आणि ती कुठून आणावी हे मला कळत नाही. डोके दुखते आहे. हे पत्र चाचणीच्या आधी तुला मिळणार नाही, तरीही लिहिले.

अलुमिता


सुवा, १ नोव्हेंबर

इनोके,

गुरुवारी ठरल्याप्रमाणे सगळे जमलो. डॉ. गौंडर खुर्चीवर बसून होते. सिस्टर तालेईंनी फोनवरून सांगितले की त्यांनी कागद आखून ठेवले आहेत, आणि मागच्या वेळेसारखे झाले तर त्या स्वतः येऊन माझ्या खोलीतल्या सगळ्या तारा कापतील. या खेपेला मी पहिला स्विचच बंद करणार होते, म्हणजे पहिली वाट मुळापासून तुटली असती. पडद्यावर रक्तपेढीच्या सर्व्हरसमोर दोन हिरव्या रेघा होत्या: दोन वाटा, दोन्ही जिवंत. मी स्विचच्या बटणावर बोट ठेवले आणि पद्धतीप्रमाणे विचारले.

"अपिसाई, दुसरी वाट तयार?"

"हो मॅडम."

"सेरेआना?"

मी वळून पाहिले नाही. तिच्या गप्पपणालाही मी 'हो'च समजले असते. इतक्या वर्षांची सवय होती.

"ए खेकडेवाले! हात काढ तिथून!"

डॉ. गौंडर खुर्चीतच उडाले. "काय? काय म्हणाली ही?"

सेरेआनाचा आवाज चढत चालला होता, जणू खूप दिवस कोंडलेला. "पूर आला की नासोलेवूची माणसं झाडावर चढतात, आणि झाड कुठलं, तर पुरातलंच! दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये खुपसल्यात गं बाई! हिरव्या रेघा दोन दिसतात, पण दोन्ही वाटा त्या एकाच दारातून जातायत. तेच दार तू बंद करायला निघालीस. काढ हात!"

माझे बोट अजून बटणावर होते. माझ्या तोंडाशी कोणते वाक्य आले ते तुला ठाऊक आहे; जूनमध्ये ते तू ऐकले आहेस. खोलीतले सगळे जमिनीकडे पाहत होते. आणि तौवूच्या शिवीवर तौवूने काय करायचे असते, हे त्या खोलीतल्या डॉ. गौंडर सोडून प्रत्येकाला माहीत होते. मला उत्तर द्यायचे होते.

"मासेसुद्धा जिथे बुडतात," मी म्हणाले, "त्या गावची पोर मला पोहायला शिकवणार."

विनोद फार बरा नव्हता. आयत्या वेळी एवढाच सुचला. परंतु अपिसाईच्या नाकातून हसू फुटले, त्याच्यामागून सगळ्यांचेच, आणि मी बटणावरून हात काढला. त्या बटणाने रक्तपेढी तर बसलीच असती. शिवाय त्या सर्व्हरवरची बाकीची मशीनही, एकही वाट न उरता, बसली असती.

मग अपिसाईने सांगितले, आणि या खेपेला पूर्ण वाक्यांत. हलवताना उघडून पाहिला तर दुसरा स्विच आतून भिजून मेलेला निघाला. नवा मागवला, तो बंदरावर अडकून पडला. चाचणीची तारीख जाहीर झाली होती, संचालकांना निमंत्रण गेले होते. म्हणून तात्पुरत्या दोन्ही केबल पहिल्याच स्विचमध्ये लावल्या, म्हणजे पडदा तरी हिरवा दिसेल.

"आणि मी बटण दाबलं असतं तर?" मी विचारले.

"तुम्ही दाबू नये अशी प्रार्थना करत होतो मॅडम."

"सकाळपासून?"

"मंगळवारपासून."

यावर बोलण्यासारखी माझ्याजवळ पुष्कळ वाक्ये होती. ती सर्व व्याकरणशुद्ध होती. मी एकही बोलले नाही. डॉ. गौंडरांना सांगितले, "आज चाचणी नाही. उद्या. महिना उद्या संपतो, डॉक्टर. तुमचा शब्द उद्यापर्यंतचा आहे." ते म्हणाले, "अलुमिता, तुमच्या खात्यात लोक एकमेकांशी असं बोलतात?" मी म्हणाले, "आजपासून." ते मान हलवत गेले.

प्रशिक्षणवर्गात एक जुना स्विच धूळ खात पडला होता. तो आणला, पुसला, कोरड्या भिंतीवर बसवला. प्रत्येक केबल आम्ही सर्व्हरपासून कपाटापर्यंत हाताने चाचपत नेली. पडद्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मी खाली वाकून केबलवर खूण करत असताना सेरेआना वरून सांगत होती की नासोलेवूत खेकड्याला सरळ चालता येत नाही म्हणून माणसांनाही येत नाही, डावीकडची घे, अगं डावीकडची. तिचे बरोबर होते; मी उजवीकडची धरली होती. मधूनच ती 'मॅडम' म्हणत होती, मधूनच 'ए बाई'. ती कधी काय म्हणेल याचा नियम मला शेवटपर्यंत सापडला नाही. काम संपले तेव्हा अंगात उभे राहण्याचेही त्राण नव्हते.

काल, शुक्रवारी, पुन्हा सगळे जमलो.

"अपिसाई, दुसरी वाट तयार?"

"हो मॅडम." मग थोडे थांबून, "हे खरं हो."

"सेरेआना?"

"दाब आता. की तुमच्याकडे त्यालाही मुहूर्त लागतो?"

मी स्विच बंद केला. एक रेघ लाल झाली. दुसरी हिरवीच राहिली. रक्तपेढीचे मशीन थांबले. धीर धरून थांबणे बाहेरून कसे दिसते, हे मी इतक्या वर्षांत प्रथमच लक्षपूर्वक पाहिले. तिथे दिसण्यासारखे काहीच नसते. मग नोंदी पुन्हा वाहू लागल्या.

फोन खणाणला. सिस्टर तालेई.

"अहो, किती वेळ पेन उघडून बसायचं आम्ही? करताय कधी बंद?"

"केलं, सिस्टर. मघाशीच."

"मग आमचं बंद कसं नाही पडलं?"

"तेच तर करायचं होतं."

"हं. आधी सांगायचं ना. इथे बाई येऊन बसलीय रक्तगटासाठी, मी ठेवते."

आणि त्यांनी फोन ठेवला. खोलीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी आनंदाने ओरडले नाही. अपिसाई स्विचशेजारीच भिंतीला टेकून खाली बसला. मीही त्याच्या शेजारी बसले. मला वाटते, त्या फरशीवर मी याआधी कधी बसले नव्हते.

बोट दुपारी सुटते, म्हणून हे शनिवारी कार्यालयात बसून घाईने लिहीत आहे. पश्चिमेकडे समुद्रावर मोसमातले पहिले वादळ तयार होते आहे, असे रेडिओ सांगतो. ते इकडे येईल की नाही हे अजून कोणाला ठाऊक नाही. आले तर रक्तपेढी चालू असेल. एवढी गोष्ट या वर्षी मी निःशंकपणे लिहू शकते. तेव्हा तुझ्या इथे येण्याची आता आवश्यकता उरलेली नाही. दालो सुखाने लाव.

सेरेआना माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, शेवटची दोन वाक्ये धडधडीत खोटी आहेत, खोड. दुसऱ्याचे पत्र वाचू नये, असे मी तिला सांगितले. तौवूचे सगळे वाचता येते, असे ती म्हणाली. वाक्ये मी खोडलेली नाहीत. लिहिलेले खोडण्याची मला सवय नाही. पण खाली थोडी जागा ठेवून लेखणी तिच्या हातात दिली आहे.

अलुमिता

मामा, पुढच्या बोटीने ये. काल ही दिवसभर माझ्यावर विनोद करत होती. एकालाही हसू आलं नाही. आम्हाला एकट्यांना हे झेपणार नाही.